शेवटच्या पानांची पेटी

उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर
रविवार, दुपार

प्रिय अतुल,

जय भीम. वर प्रिय लिहिलंय ते हाताच्या सवयीनं लिहिलंय, त्यावरून मनाची काही समजूत करून घेऊ नकोस. मी तुझ्यावर रागावलेय, आणि हा राग चहा पाजून उतरणारा नाही. भाकरी थापताना तू आठवतोस आणि भाकरी फाटते. तुझा मोबाईलवरचा निरोप वाचला. अक्का, ती शेवटच्या पानांची पेटी कुरिअर कर, पुण्यात कॉमिक्सचं प्रदर्शन आहे, अर्जंट. ओवीला काही बोलू नकोस. बस, एवढंच. ओवी जेवते का, झोपते का, हे विचारायला तुझं बोट दुखलं. विशाखाला आज कसं आहे हे सांगायलाही दुखलं. पेटी मी देणार नाही. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे तुझ्या जुन्या खोडीप्रमाणं पत्राचं शेवटचं पान आधी उलटायचं तुला कारण नको.

फोन केला असता, पण घर दोन खोल्यांचं आहे आणि ओवीचे कान मोठे आहेत. माझा मोबाईल तर दिवसभर तिच्याच हातात असतो, त्यामुळं त्यावर लिहायचीही सोय नाही. म्हणून कागद घेतला. शेजारच्या सत्यभामाचा प्रणय, जो तुमच्या पुण्यात नोकरीला आहे, तो आज संध्याकाळी परत निघतोय. त्याच्या हाती देते. त्याला बजावलंय की पत्र अतुलच्या हातात द्यायचं आणि त्याचं वाचून होईपर्यंत तिथंच उभं राहायचं. तो म्हणाला, मावशी, त्यानं मला हाकलून दिलं तर? मी म्हटलं, तुझं सामान जिन्यावर ठेव आणि तिथंच बस. तेव्हा त्याच्यावर डोळे वटारू नकोस, हुकूम माझा आहे.

आता मुद्द्यावर येते. विशाखा दवाखान्यात आहे. गाठीचं ऑपरेशन झालं, केमो चालू आहे. आणि तिच्या पोटच्या दहा वर्षांच्या पोरीला तू सांगितलंस की आई ऑफिसच्या कामानं बेंगळुरूला गेलीय. मे महिन्यात ओवीला माझ्याकडं आणून सोडलंस, रिक्षा दारात चालूच ठेवलीस, पाणीसुद्धा प्यायला नाहीस. म्हणालास, अक्का, सुट्टीपुरती. आणि मला शपथ घातलीस की तिला कळता कामा नये. सुट्टी संपली की रे बाबा. गल्लीतली पोरं नवी दप्तरं पाठीला लावून शाळेत जायला लागली. ओवी उंबऱ्यात बसून त्यांना जाताना बघते, येताना बघते. माझी शाळा कधी, असं एकदाही तिनं मला विचारलं नाही. दहा वर्षांचं लेकरू शाळेचं विचारत नाही तेव्हा ते खुशीत असतं, असं तुला वाटतं का?

तुझा नवा व्हिडिओ मला तिनंच दाखवला. सुपरहिरो कॉमिक्स, नव्या वाचकांनी सुरुवात कुठून करावी, दहा शिफारशी. तू खुर्चीत बसलेला, मागं भिंतभर कॉमिक्स, एकेक प्लास्टिकच्या पिशवीत घातलेलं, आणि हातात पांढरे मोजे. मला आधी वाटलं, कुणाचं ऑपरेशन करायला निघालास. बोलता बोलता तू म्हणालास, आमच्या लहानपणी एक लायब्ररीवाली बाई होती, ती प्रत्येक कॉमिक्सचं शेवटचं पान फाडून ठेवायची. मित्रांनो, तिनं कॉमिक्सचे खून केले खून. आणि हसलास. खाली लोकांनीही हसणारी तोंडं टाकली होती. एकानं लिहिलं होतं, अशा बाईला आत टाकायला पाहिजे. ओवीनं मोबाईल बाजूला ठेवला आणि म्हणाली, आत्या, ती बाई म्हणजे तूच ना? मी म्हटलं, व्हय, मीच. मग बाबांनी माझी बहीण का नाही म्हटलं? मी म्हटलं, घाईत विसरला असेल. तुझ्यासाठी मी त्या लेकराशी आणखी एक खोटं बोलले, तेवढं तुझ्या खात्यात लिहून ठेव. दोन लाख लोकांनी तो व्हिडिओ बघितला म्हणे. दोन लाख लोकांपुढं तुला बाई म्हणायला सुचलं, अक्का म्हणायला सुचलं नाही.

आणि तुझ्या त्या शिफारशी. तू सांगतोस, नव्या वाचकानं अंक पहिल्यापासून सुरुवात करावी, ओळीनं, एकही न गाळता. हे शहाणपण तुला कुणी दिलं? तुफानचंदचा पहिला अंक आठव. अर्ध्या अंकात नुसता त्याच्या आज्याचा इतिहास, पोरगं उडेपर्यंत वाचणाऱ्याला जांभया. तो अंक मी नव्या पोराला कधी दिला नाही. नव्याला द्यायचा तो मधला अंक. लग्नघरात आपण जाऊन बसतो तेव्हा कुणी आधी सगळी वंशावळ सांगत नाही, घटकाभरात आपल्यालाच कळतं कोण कुणावर रुसलंय. कॉमिक्सचंही तसंच आहे. आणि आधी पोरगं बघायचं, मग अंक काढायचा. भित्र्याला तुफानचंद चालतो. भांडखोराला तो देऊ नये, ते आधीच हवेत असतं. भांडखोराला करंट द्यावा. करंट म्हणजे खांबावर चढणारा वायरमन, अंगात वीज भरलेली, पण त्यामुळं कुणाला हात लावता येत नाही, स्वतःच्या आईलासुद्धा नाही. फकिरा रिक्षावाल्याचा थोरला रोज कुणाचं तरी डोकं फोडून यायचा, तो ते वाचून ओट्यावर गपगार बसून राहिला होता. आणि भावाच्या मागं मागं आलेली, फ्रॉकचं टोक चावत उभी राहणारी पोरगी दिसली की तिला परछाई. परछाई सावलीत शिरते, भिंतीवरून चालते, आणि भर दुपारी बाराला तिची ताकद जाते, कारण तेव्हा सावलीच नसते. ज्या पोरींना घरात कुणी विचारत नाही त्यांना ती लगेच आपली वाटते. शिवाय नव्याला कोरा करकरीत अंक कधी द्यायचा नाही. कोपरा दुमडलेला, कुणाच्या तरी हळदीच्या बोटाचा डाग पडलेला द्यायचा, म्हणजे हात लावायची भीती जाते. तुझ्या यादीत सगळी मिंट कंडिशन, कुणाचं बोट न लागलेली. मोजे घालून कॉमिक्स वाचायचं असेल तर आंबाही चमच्यानं खात जा. ओवी मला सांगते, आत्या, बाबांच्या कपाटाला हात लावायचा नसतो. अतुल, दोन लाखांना शिफारस आणि पोटच्या पोरीला कुलूप? सगळ्यात नवा वाचक तुझ्या घरात होता, तो तुला दिसला नाही.

तू विसरला असशील म्हणून ती लायब्ररी कशी उभी राहिली ते सांगते. माझं लग्न मोडलं, मी बापाच्या घरी परत आले. दादा छावणीत मेसमध्ये कामाला होते. पलटणीतल्या साहेब लोकांच्या बदल्या झाल्या की त्यांच्या पोरांची कॉमिक्स रद्दीत निघायची आणि गुरुवारच्या बाजारात ढीग लागायचा. दादांनी एकदा खताच्या गोणीत भरून आणली आणि म्हणाले, रत्ने, बसून रडण्यापेक्षा हे मांड पुढच्या खोलीत. माझी शाळा सातवीत सुटलेली. कॉमिक्स सगळी हिंदीत. तुफानचंद ओरडायचा आणि मी बोट ठेवून ठेवून वाचायची. हिंदी मी त्याच्याकडून शिकले, त्यामुळं अजूनही मी हिंदी बोलायला लागले की समोरच्याला वाटतं, ही आता मारणार. पुढं दुकानाला रिवाज पडला. पोरानं अंक घरी न्यायचा, पण शेवटचं पान माझ्या पेटीत. वाचून झाला की परत यायचं, काउंटरच्या अलीकडं उभं राहायचं आणि शेवट काय होईल ते सगळ्यांसमोर सांगायचं. मी विचारणार, का म्हणून? त्याचं उत्तर द्यायचं. मग मी पान काढून देणार, ते उभ्या उभ्या वाचून परत करायचं. फकिराच्या थोरल्याचं मला अजून ऐकू येतं. ‘अक्का, करंट मरत नाय, तारंतून वाहत जातो आन दुसऱ्या गावच्या खांबावर निघतो.’ मागून कुणीतरी म्हणायचं, ‘अबे, तार काय एसटी हाय का?’ छापलेल्या शेवटापेक्षा आमच्या ओट्यावरचे शेवट कितीतरी बरे असायचे. त्यात एकही मोजेवाला नव्हता.

पण रिवाज पडायच्या आधी काय झालं ते तुला ठाऊक नाही. मी सांगितलं नव्हतं. सांगायसारखं काही आहे असं वाटलंच नव्हतं. तू आठ वर्षांचा होतास, दादा घाटी दवाखान्यात पडून होते, मूत्रपिंडं गेली होती. मुक्ताबाई मावशी, शेजारपाजार, सगळे आईला म्हणायचे, लेकराला नेऊ नका, त्याच्या मनावर दगड ठेवू नका, सांगा दादा गावाला गेलेत. आई तयार झाली होती. मी झाले नाही. मी तुझं बोट धरलं आणि घेऊन गेले. वाटेत तुला सांगितलं, दादांना लई बरं नाही, ते वाचतील का नाही हे डॉक्टरलाही माहीत नाही. तू माझं बोट सोडून आत गेलास. दादांच्या पायाशी बसलास, आणि शर्टाखाली लपवून आणलेला करंटचा अंक काढून त्यांना वाचून दाखवायला लागलास. दादा म्हणाले, ह्या तुझ्या करंटला आमच्या मेसमधला डाळीचा हंडा उचलायला लाव, मग बघू ताकद. आजूबाजूच्या खाटांवरचेही हसले. दादा होते तोवर तू रोज गेलास. रोज एक अंक. ते दिवस तुझ्याकडं आहेत, अतुल. कुणी काढून घेऊ शकत नाही. तुझ्या कपाटातल्या कुठल्याही अंकापेक्षा ते जपलेले आहेत, आणि त्यांना प्लास्टिक लागत नाही.

दादा गेले आणि तुझं वाचन बंद पडलं. म्हणजे तू दुकानात यायचास, अंक उचलायचास, शेवटचं पान उघडून बघायचास, आणि मिटून परत ठेवायचास. मग दुसरा उचलायचास. तुफानचंद जिवंत आहे, परछाई जिवंत आहे, एवढं बघायचं आणि ठेवून द्यायचं. मधलं एक पान वाचायचा नाहीस. एक दिवस तू अंक उचललास, उलटा केलास, तर शेवटचं पान नव्हतं. दुसऱ्याचंही नव्हतं. मी आदल्या दिवशी बसून सगळी काढून पेटीत टाकली होती. तू दुकानात थयथयाट केलास, माझ्या दंडाला कडकडून चावलास. मी म्हटलं, चाव, पण पान वाचल्याशिवाय मिळणार नाही. तू रुसून ओट्यावर जाऊन बसलास. मग कितीतरी वेळानं, डोळे पुसत पुसत, पहिल्या पानापासून वाचायला लागलास. वाचलास आणि आलास आणि मला शेवट सांगितलास. इतर पोरांनी ते बघितलं, त्यांना मजा वाटली, त्यांनीही हट्ट धरला, आणि तो दुकानाचा दस्तूर होऊन बसला. आता तू जगाला सांगतोस की त्या बाईनं खून केले. केले असतील. कुणासाठी केले ते तुझं तू बघ.

मोबाईल आल्यावर पोरं यायची थांबली. मी ट्रंका भरून ठेवल्या. मग तू आलास टेम्पो घेऊन, म्हणालास, अक्का, इथं वाळवी लागेल, मी सांभाळतो. सांभाळलंस, त्यात वाद नाही, पिशव्यांमध्ये घालून सांभाळलंस. पेटीकडं तेव्हा तू बघितलंही नाहीस. म्हणालास, ती फाटकी पानं राहू दे, ती आता कोण बघणार. आज प्रदर्शन निघालं तर त्या फाटक्या पानांची आठवण झाली, आणि सांगशील ते ऐकायला अक्का बसलीच आहे इथं. तुझ्या घरी कॉमिक्स आहेत त्यांना शेवट नाही, माझ्या घरी शेवट आहेत त्यांना कॉमिक्स नाहीत. असेच राहू देत. माझं काही अडत नाही.

अडतंय ते ओवीचं. आता तिचं ऐक. विशाखा व्हिडिओ कॉल करते तेव्हा डोक्याला ओढणी बांधलेली असते. म्हणते, बेंगळुरूला गारठा आहे. ओवी म्हणते, हो का, मग स्वेटर घाल. विशाखाच्या मागं हिरवा पडदा दिसतो, कड्यांवर सरकणारा. एकदा मागून कुणीतरी सिस्टर, सिस्टर म्हणून हाक मारली, तर विशाखा म्हणाली, मीटिंगमध्ये एका मॅडमला सगळे सिस्टर म्हणतात. तिला बिचारीला तेवढंच सुचलं. ओवीनं मान डोलावली. फोन ठेवल्यावर मला विचारते, आत्या, बेंगळुरूच्या ऑफिसात पडदे असतात का? मी भाजी निवडत राहिले. तू तिला कॉमिक्स दिली नाहीस, पण चौकटीच्या कोपऱ्यात काय काढलंय ते बघणारं रक्त तिच्यात उतरलंच आहे. ती चित्रं वाचते, अतुल. तुम्ही दोघं बोलता ते फुग्यातलं ती वाचतच नाही. आणि आल्यापासून तिचा एक खेळ चाललाय. माझी पेटी तिला कपाटाखाली सापडली. जमिनीवर बसते आणि शेवटची पानं एकेक काढून बघते. कुठल्या अंकाची, काय झालं, तिला काही माहीत नाही. हा वाचला, हीपण वाचली, असं पुटपुटते आणि पान बाजूला ठेवते. पहिल्यांदा तिला तसं करताना बघितलं तेव्हा माझ्या हातातलं ताट खाली पडलं. मला वाटलं, तूच बसला आहेस.

एक अंक तुझ्या टेम्पोतून सुटला होता. टेम्पो गेल्यावर तो मला माळ्यावर सापडला. परछाईचा. वैरी तिला काचेच्या खोलीत डांबतात, चहूबाजूंनी दिवे लावतात, सावलीच पडत नाही, म्हणून तिची ताकद संपते आणि ती डोळे मिटून पडते. तिथं अंक तुटतो, पुढचं पान माझ्या पेटीत. तेवढं एक पान मी पेटीतून आधी काढून घेतलं आणि परवा तो अंक ओवीला दिला. तिनं तुझ्यासारखाच आधी उलटा केला. पान नाही म्हटल्यावर माझ्याकडं बघितलं. मी तिला दुकानाचा दस्तूर सांगितला. चावली नाही, गुणी आहे. दुपारभर ओट्यावर बसून वाचला, परत पहिल्यापासून वाचला. मग आत आली. पुढच्या खोलीत तो लाकडी काउंटर अजून आहे, आता त्यावर माझा मिक्सर असतो. त्याच्या अलीकडं उभी राहिली, हात मागं बांधले, आणि म्हणाली, ‘परछाई त्या खोलीत औषध घेतेय. औषधानं तिचे केस गेलेत. तिच्या मुलीला सगळ्यांनी सांगितलंय की ती टूरवर आहे. मुलीला माहीत आहे. पण ती विचारत नाही.’ तिला तिथंच जवळ ओढून घ्यावंसं वाटलं. पण दस्तूर म्हणजे दस्तूर. विचारलं, का म्हणून विचारत नाही? म्हणाली, ‘तिनं विचारलं तर तिच्या बाबांना खरं सांगावं लागेल. आणि मग बाबा रडले तर त्यांच्याकडं कोण बघणार? परछाई तर खोलीत आहे.’ मी विचारलं, आणि शेवट? म्हणाली, ‘शेवट मला नाही माहीत. तो तुझ्याकडं आहे ना.’ मी पान काढून तिच्यापुढं धरलं, तिचा हक्कच होता. तिनं घेतलं नाही. म्हणाली, ‘आत्ता नको आत्या. आधी बाबांना सांगते. मग दोघं बघू.’

म्हणून हे पत्र लिहिलं. पेटीचं भांडण आपण आयुष्यभर भांडू, मला त्याची घाई नाही. तुला ती आत्ताच का हवी झाली तेही मी ओळखून आहे. प्रदर्शन असेलही. पण विशाखाच्या खोलीबाहेरच्या बाकड्यावर बसून तुला अशी पानं चाळायची आहेत ज्यात सगळे वाचलेले असतात. तुझं पान माझ्या पेटीत नाही रे. डॉक्टरांकडंही नाही, कुणाकडंच नाही. मी पोरांचं शेवटचं पान काढून घ्यायची, मधलं एकही कधी काढलं नाही. तू तुझ्या पोरीचं मधलंच सगळं काढून घेतलंस. तिला आईच्या पायाशी बसायचे दिवस होते, ते तू बेंगळुरूला पाठवलेस. येत्या शनिवारी ये. रिक्षा सोडून दे आणि आत ये. काउंटरच्या पलीकडं माझी जागा आहे, त्या दिवशी तू तिथं उभा राहा. ती सांगेल, तू ऐक, मध्ये बोलायचं नाही. रडू आलं तर रड, तिला त्याची तयारी आहे, तुलाच नव्हती. मग तिला घेऊन जा विशाखाकडं, आणि जाताना तुझ्या कपाटातलं एक कॉमिक्स पिशवीतून काढून तिच्या हातात दे, आईला वाचून दाखवायला. कोपरा दुमडला तर दुमडू दे. तू आला नाहीस तर रविवारी सकाळच्या गाडीनं मीच तिला घेऊन येते, आणि मग तुझ्या दोन लाख लोकांना ती बाई कोण ते मीच सांगते. परछाईचं पान मिक्सरखाली दाबून ठेवलंय. तुम्ही दोघं मागाल तेव्हा देईन. त्यात काय होतं ते मला आता आठवत नाही, आणि मी ते अजून पुन्हा वाचलेलं नाही.

तुझीच,
पानं फाडणारी बाई